उजेडाची गोळी

आमच्या शेजारचे निकम हवालदार बॅटरी लावण्याआधी समोरच्याला बाजूला व्हायला सांगतात. उजेड लागेल, म्हणून. फौज सुटून वीस वर्षं झाली, पण उजेड त्यांच्या लेखी अजून दारूगोळ्यातच जमा आहे.

"आवं वहिनी, उजेड म्हंजे बारीक बारीक गोळ्या. सुटल्या की सरळ. वळताना बघितलाय कवा?"

नाही बघितला. साताऱ्यात रिक्षा कशा वळतात ते बघण्यातच माझा दिवस जातो.

गल्लीत उजेडाला लाट म्हणणाऱ्याला यांच्याकडे चहा मिळत नाही. गॅसवाला तर आता उंबऱ्यावरूनच "गोळी, गोळी" म्हणतो आणि पाणीही मागून घेतो.

याचं मूळ सांगलीत. त्यांची मुलगी सुरेखा तिथे कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिने आपल्या मनाने लग्न केलं, हे लग्नाला गेले नाहीत, ती पुन्हा घरी आली नाही. वर्षभराने यांनी फोन लावला. माफी मागायचं सोडून विचारलं काय, तर "उजेड म्हंजे काय असतं गं?" तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो आणि भिंतीपलीकडून मला ऐकावा लागतो.

"आबा, उजेड लाटेसारखाही वागतो."

"लाटा नदीला. न्हाई पटत मला!"

तब्येत, जावई, नातू, एक शब्द नाही.

परवा शिडी परत मागायला गेले. भर दुपारी खिडकीला फौजी कांबळं, घरात अंधार. काजळी धरलेल्या काचेवर ब्लेडने ओढलेल्या दोन रेघा, मागे खेळण्यातला लेझर. समोरच्या भिंतीवर लाल पट्टेच पट्टे.

"मोजा," हवालदार म्हणाले.

"सात."

"दोन फटीतनं गोळ्या गेल्या तर दोनच पट्टे पडायला पायजेत. सात लाटंबिगर पडत न्हाईत."

"म्हणजे सुरेखाचं बरोबर आहे?"

"दोन वर्सं झाली मला कळून. मन लागंना की लावून बघतो."

"मग सांगा तिला, पटलं म्हणून. गल्ली तरी सुटेल!"

त्यांनी कांबळं उतरवलं आणि कडेला कड जुळवत घडी घालायला घेतली.

"आवं, पटलं म्हनलं तर रविवारी फोन कशापायी करंल ती?"

मला असल्या गोष्टींवर गहिवरता येत नाही. मी म्हटलं, "मग असं म्हणा, फोनवर डोक्यात शिरत न्हाई, घरी येऊन दाखव. जावयालाही आण, काच धरायला."

घडी अर्धवटच राहिली.

"यील व्हय ती?"