भिंतीवरचं वय

माणसाचं वय झाकावं आणि प्रोग्रॅमचं चारचौघांत मांडावं, यालाच सुधारणा म्हणतात. म्हणून साहेबांनी कचेरीच्या भिंतीवर भला मोठा पडदा लावून घेतला. संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या कुठल्या ओळीला शेवटचा हात कधी लागला, ते त्यावर रंगात दिसे. ताजी ओळ हिरवी, जुनी राखाडी. ओळीवर बोट ठेवलं की हात लावणाऱ्याचं नाव. (ओळ काम करते की नाही, यासाठी रंग नव्हता. रंग तरी किती ठेवायचे!)

सगळ्यांत राखाडी निघाले अण्णा. त्यांनी लिहिलेला पगाराचा प्रोग्रॅम कधी बिघडलाच नव्हता, म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता. अर्थात अण्णा इतकी वर्षं माशा मारत होते, हे सप्रमाण सिद्ध झालं. महिनाअखेर जो सर्वांत राखाडी, त्याला घरी बसवायचं ठरलं. मुलीचं कॉलेज अजून व्हायचं होतं. अण्णांना घास गिळवेना.

बायको म्हणाली, "अहो, नुसता हात फिरवा की त्यावरून!"

"चालत्या गाडीला खीळ घालू?"

"खीळ कशाला? धूळ झटका."

रविवारी दुपारी अण्णांनी प्रत्येक ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा टाकली. ओळ तीच, हात ताजा. कामाला यंत्रच जुंपलं होतं. त्याला आपल्या प्रोग्रॅमपाशी थांबवायचं राहिलं, आणि त्याने कचेरीतले झाडून सारे प्रोग्रॅम झटकले.

सोमवारी भिंत हिरवीगार! साहेबांचे डोळे निवले. अण्णांची कार्यक्षमता शंभर टक्के, उरलेल्यांची मिळून शून्य. अण्णा पोटभर जेवले.

गुरुवारी बिलांचा प्रोग्रॅम कोसळला. साहेबांनी चुकलेल्या ओळीवर बोट ठेवलं. नाव अण्णांचं.

"साहेब, ही तुमच्या हातची ओळ. तुम्ही नवे लागलात तेव्हाची."

"अण्णा, भिंत खोटं बोलत नाही हो," साहेब मनापासून हळहळले.

अण्णा घरी बसले. त्यांच्या प्रोग्रॅमने त्यांना वगळून बाकी सर्वांचे पगार वेळेवर काढले.

ही गोष्ट तुम्ही एखादा शब्द बदलून आपल्या नावावर पुढे ढकलणार, हे आम्हांला ठाऊक आहे. बेशक ढकला. फक्त ती तुमच्या साहेबांपर्यंत पोचली, तर शेवटचा हात तुमचा.