शहाऐंशीचा घोळ

वनमालाबाईंचा कोरोनाचा रिपोर्ट आला आणि तलवाड्याच्या सुंदररावांनी शुश्रूषेची सगळी सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. अर्धी पंचायत एकहाती चालवलेल्या माणसाला एक ताप आवरू नये, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. गेवराईच्या डॉक्टरांनी उपचार सोपा सांगितला होता. ताप आला तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आराम आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन. "आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर घरी थांबू नका," एवढं मात्र त्यांनी बजावलं होतं.

मास्कवर उपरणं गुंडाळून सुंदरराव बायकोसमोर खुर्ची टाकून बसले. तिच्या बोटाला मशीनचा चिमटा लावला. इंग्रजी आकडा उमटला, 86.

"बजरंग, तुझ्या मायला श्वास पुरंना," त्यांनी दाराबाहेरच्या लेकाला सांगितलं.

"कोण म्हणलं?" वनमालाबाई म्हणाल्या. "मला भूक लागलीया. भाकर द्या आदी."

"ऑक्सिजन कमी झाला की माणूस आसंच बडबडतं."

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "बोलताना धाप लागते का?" डॉक्टरांनी विचारलं. सुंदररावांनी बायकोकडं पाहिलं. वांग्याच्या भाजीला चव का नाही, याचा जाब ती खिडकीतून सुनेला विचारत होती.

"धाप न्हाई, पर बोलणं थांबंना."

डॉक्टर बुचकळ्यात पडले. पालथं झोपवून पुन्हा बघा म्हणाले. वनमालाबाई कुरकुरत पालथ्या झाल्या, हात उशाकडं लांबवले. सुंदरराव उशाशी उभे राहिले. आकडा तोच. शेजारचा बिभीषण कुंपणापलीकडून म्हणाला, "सेल उतरले आसत्याल." नवे सेल घातले, तरी शहाऐंशी. मग मात्र सुंदररावांनी गेवराईला निघायचं ठरवलं. बजरंगनं जीप काढली.

जीपमध्ये ते बायकोच्या शेजारी बसले. तलवाडा मागं पडल्यावर त्यांनी पुन्हा बोट बघितलं, तर अठ्ठ्याण्णव.

"थांब बे," ते बजरंगला म्हणाले. "हवा लागली तिला. बरी झाली."

जीप थांबली. खात्री करायला त्यांनी वनमालाबाईंना खाली उतरवलं आणि समोर उभं राहून पाहिलं. शहाऐंशी. पुन्हा जीपमध्ये शेजारी बसवलं. अठ्ठ्याण्णव. सुंदररावांचं डोकं पार चक्रावलं.

"हिला गाडी मानवतीया," ते हळूच म्हणाले.

"मग आता जलमभर जीपमदीच राहू का मी?"

दवाखान्याच्या फाटकाशी डॉक्टर स्वतः जीपपाशी आले. सगळी हकिकत ऐकून त्यांनी आधी मशीनकडं पाहिलं, मग सुंदररावांकडं. नंतर मशीन काढून त्यांच्यासमोर उलटं धरलं.

"काका, समोर बसून वाचलं की आकडा उलटा दिसतो. अठ्ठ्याण्णवचा शहाऐंशी होतो."

"मला सकाळधरनं अठ्ठ्याण्णवच दिसत हुतं," वनमालाबाई म्हणाल्या.

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

सुंदररावांना यावर काहीतरी बोलायचं होतं, पण वाक्य अर्ध्यावरच तुटलं. डॉक्टर त्यांच्याकडं बघत राहिले. "काका, तुम्हाला कधीपासून दम लागतोय?"

"धावपळ लई झाली आज. काळजीनं हुतंय."

डॉक्टरांनी चिमटा त्यांच्याच बोटाला लावला. "एक्क्याण्णव."

"तुमी समोरून वाचताय, डॉक्टर."

"मी तुमच्या शेजारी उभा आहे."

तासाभरात सुंदरराव खाटेवर होते आणि नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांचाही रिपोर्ट कोरोनाचाच आला. वनमालाबाईंना डॉक्टरांनी तपासून घरीच आराम करायला सांगितलं, आणि त्या आल्या तशा बजरंगबरोबर परत गेल्या. आपण कुणाला घेऊन आलो आणि राहिलं कोण, याचा हिशेब सुंदररावांना पालथं झोपूनही लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनमालाबाईंचा फोन आला. "डॉक्टर म्हणले, तुमी बोलायचं न्हाई. मी बोलते, तुमी ऐका." भाजीला आज थोडी चव लागली, म्हशीनं दूध कमी दिलं, बिभीषण दारात विचारून गेला, असं ती सांगत राहिली. मग मध्येच थांबून म्हणाली, "आज किती हाय तुमचा?"

"त्र्याण्णव. कालच्यापरीस दोन वाढला."

पलीकडून आवाजच येईना. सुंदरराव कोपरावर उठले, मास्क बाजूला केला. "आगं, धाप लागली का तुला?"

"न्हाई," वनमालाबाई म्हणाल्या. "जरा गप बसले, तर बसू द्या की."