एडनची रंगीत तालीम

सासुरवाडीत शहाणपणा दाखवू नये, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं. कळलं असतं तर त्या रविवारी मी बोरगाव मेघेला गुमान चहा प्यालो असतो, चार शंकरपाळे खाल्ले असते आणि बायकोला घेऊन वर्ध्याला आपल्या घरी परतलो असतो. त्याऐवजी मी बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "त्याची आधी तालीम घेता येईल."

प्रकरण असं होतं. माझा मेहुणा प्रभाकर कापडगिरणीचं शिक्षण घ्यायला विलायतेला निघाला होता. ही सन त्रेपन्नची गोष्ट. जहाज मुंबईहून सुटणार होतं आणि वाटेत एडनच्या बंदरात एक दिवस थांबणार होतं. उतारूंनी सकाळी खाली उतरायचं, गाव पाहायचं आणि संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आत परत वर चढायचं. प्रभाकरला उतरायचं होतं. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तो उतरायला नको होता.

"अन् जहाज निघून गेलं तं?" सासूबाई म्हणाल्या.

"वेळ सांगतात ना आई ते लोक."

"वेळ तं मोटरवालाही सांगते. गिरडची पहाडी उतरून येईपर्यंत गेलती ना मोटर मले सोडून? तिथं निदान आपले लोकं होते. तू समुद्राच्या काठी कोणाच्या ओसरीवर बसशील?"

यात माझा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध होता. सासरे नानाजी आदल्याच आठवड्यात म्हणाले होते, "पोट्ट्याले मुंबईले जहाजावर चढवून द्याले एक जाणता माणूस पाह्यजे." जाणता माणूस म्हणजे मी, याबद्दल माझी खात्री होती. नानाजींची अजून व्हायची होती. मी एका जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसात कारकून. माझ्या हाताखालून गेलेल्या कापसाच्या गाठी मुंबईला जात, जहाजात चढत, समुद्र ओलांडत. मी मात्र पवनारच्या धाम नदीपेक्षा जास्त पाणी एका जागी पाहिलेलं नव्हतं. गाठींनी समुद्र पाहावा आणि गाठी लिहिणाऱ्याने पाहू नये, याचं मला मनापासून वाईट वाटे. एकदा, फक्त एकदा, त्या काठावर उभं राहायचं, एवढीच माझी इच्छा होती. (भेळही खायची होती, पण ती दुय्यम.)

तेवढ्यात सासूबाईंना अण्णाजी आठवला. हा नाचणगावच्या भागीरथाबाईंचा मुलगा, एडनच्या गोदीत नोकरीला. आणि भागीरथाबाई मुळात बोरगावच्या लेक. झालं. "गावातून गेला अन् घरी नाई आला, असं भागीरथाबाईच्या कानावर गेलं तं ते जन्मात बोलणार नाई आपल्यासंगं," सासूबाई म्हणाल्या. मघापर्यंत जो एडनला उतरता कामा नव्हता, तो आता उतरलाच पाहिजे असं ठरलं. उतरून अण्णाजीकडे जायचं, त्याच्या आईनं दिलेलं पापड-लोणचं पोचवायचं आणि नानाजींच्या सांगण्यावरून तिथला कापूस हाताने चोळून पाहायचा. फक्त हे सगळं करून पोरगा परत जहाजावर चढेल कसा, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. म्हणून मी तालमीचं बोललो.

माझी योजना सोपी होती. पुलगाव म्हणजे एडन. सकाळच्या पॅसेंजरने वर्ध्याहून पुलगावला उतरायचं, तिथून जवळच नाचणगावला भागीरथाबाईंकडे जाऊन पापड-लोणच्याचं गाठोडं घ्यायचं, आणि दुपारच्या पॅसेंजरने वर्ध्याला परत यायचं. ही दुपारची पॅसेंजर म्हणजे जहाज. ज्याला पुलगावला गाडी गाठता आली, त्याला एडनला जहाज गाठता येईल.

नानाजींनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "हे पटलं मले. तालीम बराबर झाली तं मुंबईले तुम्हीच जा, जवाईबापू."

घरी जाताना टांग्यात आमची कमला म्हणाली, "तुम्हाले रोजचं ऑफिस वेळेवर गाठता येत नाई. जहाज कायचं गाठता तुम्ही?" बायकांना योजना कळत नाहीत, असं मी मनात म्हणालो. (मोठ्याने म्हणायची सोय नव्हती.)

तालमीच्या दिवशी गाडीत मी प्रभाकरला नियम समजावले. कोणाच्या घरी चपला-बूट काढायचे नाहीत. बूट निघाला की माणूस अडकला. पाणी उभ्यानेच प्यायचं. कोणी 'बसा' म्हणालं की घड्याळाकडे पाहायचं. निघायची वेळ झाली की त्याने 'भोंगा' म्हणायचं आणि ताबडतोब वळायचं, मग समोर कोणी रडत असलं तरी. माझं मनगटी घड्याळ मी काढून त्याच्या हाताला बांधलं, कारण शिकायचं त्याला होतं. मला सगळं येत होतं.

नाचणगावला पोचलो तेव्हा भागीरथाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. माहेरचं पोरगं आलेलं पाहून त्यांनी प्रभाकरच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, पाणी दिलं. तो ते उभ्याने प्याला. मला अभिमान वाटला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अन् हे कोण?"

"आमचे भाऊजी," प्रभाकर म्हणाला. "कमलाताईचे मालक."

भागीरथाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "जवाई? अन् हे उभे काऊन आहेत?"

इथे माझ्या योजनेतली चूक माझ्या लक्षात आली. मी प्रभाकरचा विचार केला होता, अण्णाजीचा केला होता, कापसाचासुद्धा केला होता. मी स्वतः जावई आहे, एवढंच माझ्या हिशेबातून सुटलं होतं. आणि बोरगावचा जावई हा बोरगावच्या प्रत्येक लेकीचा जावई असतो, मग ती लेक नाचणगावात नांदत असो की चंद्रावर. प्रभाकर घरचं पोरगं. तो बूट घालून अंगणात उभा राहिला तरी कोणाला काही वाटत नव्हतं. मला मात्र पाट आला, पाय धुवायला ऊन पाणी आलं. (पाय धुवायला चपला काढाव्या लागतात.)

"मावशी, आम्हाला गाडी आहे," मी म्हणालो.

"गाडी रोजचीच हाय. जवाई रोज येते का? चण्याची दाळ शिजाले टाकली मी. पुरण होते आत्ता."

"पुरण नको. साधी भाजी-भाकर चालेल."

"बोरगावचा जवाई माह्या घरून भाकर खाऊन गेला, तं गाव मले काय म्हणन?"

डाळ शिजेपर्यंत शेजारच्या जिजाबाई आल्या. त्याही बोरगावच्याच लेक. जावई आधी त्यांच्याकडे का नाही उतरला, म्हणून त्या रुसल्या. त्यांची समजूत काढायला मला त्यांच्याकडे जाऊन वडे खावे लागले. परत आलो तर पुरण वाटायला घेतलेलं. माझी चिडचिड व्हायला लागली. मी कोणावर चिडतोय हेच मला ठरवता येईना, कारण जो तो माझं भलंच करत होता. तुमचं भलं करणाऱ्या माणसाच्या तावडीतून सुटणं फार अवघड असतं.

प्रभाकर दारात येऊन म्हणाला, "भाऊजी, भोंगा."

पान नुकतंच वाढलेलं होतं. पोळीवर तूप सोडलं होतं आणि ते कडेपर्यंत पोचलं होतं. मी भागीरथाबाईंकडे पाहिलं.

"गाडीची फिकर नोका करू तुम्ही," त्या म्हणाल्या. "आमच्या जंगलूचा साडू गार्ड हाय. त्याले निरोप धाडला मी. जवाई आल्याबिगर गाडी हालत नाई."

"ऐकलंस?" मी प्रभाकरला म्हणालो. "तू हो पुढे. मी आलोच."

"पण भाऊजी, नियम…"

"नियम ज्यांचा गार्ड ओळखीचा नाही त्यांच्यासाठी असतात."

प्रभाकर गाठोडं घेऊन निघून गेला. पोरगं गुणी, सांगितलेलं ऐकणारं.

पुढचं सांगताना आजही माझं डोकं तापतं. जिजाबाई कढी वाढायला आल्या. मी 'पुरे' म्हणून हात आडवा धरला. आमच्याकडे जावयाने आडवा धरलेला हात म्हणजे अजून वाढायची खूण मानतात. कढी हातावरून थेट माझ्या पँटीवर गेली. मी उडालोच. जिजाबाईंनी पँट धुवायला मागितली, मी नाही म्हणालो, भागीरथाबाई म्हणाल्या की नाहीतरी जवायाले धोतर द्याचंच होतं. तेव्हा मी नवं कोरं धोतर नेसलो, माझी पँट आडावर गेली, कपाळाला कुंकू लागलं आणि वर पानसुपारी झाली. धोतर नेसायची मला सवय नाही. नेसलो असं म्हणालो, पण खरं तर जंगलूने नेसवलं.

जंगलू म्हणजे भागीरथाबाईंचा पुतण्या. त्याच्याच छकड्यात बसून मी पुलगाव स्टेशनावर पोचलो. मोठ्या लाइनीवर पॅसेंजरचा पत्ता नव्हता. ती केव्हाच गेली होती, आणि वेळेवर गेली होती. प्रभाकरही तिच्यातून गेला होता. मी हमालाला विचारलं, "आणि तो गार्ड? जंगलूचा साडू?"

"तो काय तिकडं," हमाल म्हणाला.

पलीकडच्या फलाटावर पुलगाव-आर्वीची छोटी गाडी वाफ सोडत उभी होती. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आलेली. गार्ड हिरवा झेंडा काखेत दाबून माझीच वाट पाहत होता. भागीरथाबाईंचे सगळे पाहुणे वर्षानुवर्षं याच गाडीने येत-जात होते. मुंबईच्या लाइनीवर पॅसेंजर धावते हे त्यांना ठाऊक होतं, पण आपला माणूस आपली गाडी सोडून तिच्यात कशाला बसेल, असा त्यांचा सरळ विचार. मी 'गाडी' म्हणालो. कुठली, ते सांगायची मला गरज वाटली नाही आणि विचारायची त्यांना.

"आले, आले. जवाई आले," डब्यातून कोणीतरी ओरडलं.

"अहो, मला वर्ध्याला जायचं आहे," मी गार्डला म्हणालो.

"बसा जी लवकर. अख्खी गाडी तुमच्यासाठी थांबून राह्यली."

"पण ही आर्वीला जाते."

"हो मंग," गार्ड कौतुकाने म्हणाला.

माझं चुकलं असेल, पण तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं? तापलेल्या डब्यात बायका पोरांना पदराने वारा घालत बसलेल्या. एक म्हातारा तर उठून मला जागा देत होता. इतक्या लोकांना इतका वेळ खोळंबवून ठेवल्यावर 'मला यायचंच नाही' असं कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय मी तोंड उघडेपर्यंत जंगलूने माझ्या ओल्या पँटीचं गाठोडं आत टाकलं होतं आणि मागून मलाही.

मी आर्वीला गेलो. कामाविना, ओळखीविना, धोतरात. मुक्काम गार्डच्या घरी पडला. गार्डची बायको जंगलूच्या बायकोची बहीण, तेव्हा मी तिथेही जावईच ठरलो. (पुरणच होतं.) दुसऱ्या दिवशी मोटरने धक्के खात मी बोरगावला पोचलो, तेव्हा सासूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या आणि नानाजी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. प्रभाकर ठरल्या वेळी घरी आला होता आणि त्याने सगळी हकिगत जशीच्या तशी सांगितली होती. खोटं बोलायचा त्याचा स्वभावच नाही. विलायतेला त्याचं कसं व्हायचं, देव जाणे.

कमलाने माझ्या धोतराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या पँटीचं गाठोडं उचलून आत गेली.

"झाली तालीम?" नानाजींनी विचारलं.

मी शक्य तेवढा ताठ उभा राहिलो. "एका अर्थी यशस्वी झाली, नानाजी. प्रभाकरला जहाज मिळालं. तालीम त्याचीच होती."

"हे बराबर आहे," नानाजी म्हणाले. "पोट्ट्याची फिकर गेली आमची. तो एडनले उतरन अन् चढन. तुमचंच काही सांगता येत नाई."

"म्हणजे मुंबईला…"

"मुंबईले मी अन् कमला जातो. तिले कोणी जवाई म्हणून थांबवणार नाई."

मी पुष्कळ बोललो. रागात माझी शुद्ध भाषा पहिली पळते. "मले समुद्र पाहाचा होता, नानाजी," मी म्हणालो, आणि म्हणताना माझा आवाज जरा कापला. तिथे असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. सासूबाईंना दया आली. त्यांनी मला जेवायला बसवलं.

निघायच्या दिवशी मी वर्धा स्टेशनावर पोचवायला गेलो. मेल आली. प्रभाकर पाया पडला, कमलाने दुधाचा रतीब आणि माळ्यावरचं मांजर यांबद्दल सूचना दिल्या. तिच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं आणि ती खुश होती; मला तिचा राग आला आणि ती छान दिसते असंही वाटलं. शिट्टी झाली. गाडी हलली, तसे नानाजी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले आणि हात हलवू लागले. शेवटी माणसाला माणसाची किंमत कळतेच, असं मला वाटलं. मीही हात वर केला.

पण नानाजी माझ्या डोक्यावरून मागे पाहत होते. मागे आमचं सामान आणणारा टांगेवाला कवडू उभा होता.

"कवडू, जवाईबापूले नीट घरी नेऊन सोडजो," नानाजी चालत्या गाडीतून ओरडले. "अन् वाटेत कोणी जेवाले बोलावलं तं टांगा उभा नोको करू."

"हो जी," कवडू म्हणाला. त्याने माझा दंड धरून मला बाहेर नेलं आणि मागच्या सीटवर न बसवता पुढे आपल्या शेजारी बसवलं.