कानिफनाथचा बोलका डबा

देवळाली प्रवरेजवळच्या उसाच्या फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या सतरा कोप्या होत्या. माणसं एकेचाळीस, बैल बावीस, मोबाईल नऊ आणि रेंज येणारी जागा एकच: पाण्याच्या टाकीची तिसरी पायरी.

त्या पायरीवरून लंकाबाईने दोनदा दोन-दोन हजार रुपये गावी पाठवले होते. दोन्ही वेळा ते पोचले आणि त्याच दिवशी संपले.

गाव पाथर्डीकडे. घरी सासू कडूबाई आणि लेक संस्कृती. बँक चौदा किलोमीटरवर, आणि तिथल्या यंत्राला कडूबाईचा झिजलेला अंगठा ओळखू येत नव्हता. म्हणून पैसे कानिफनाथच्या किराणा दुकानाच्या खात्यात जायचे आणि तो रोख द्यायचा. कानिफनाथ प्रामाणिक होता. पण त्याच्या गल्ल्यावरचा डबा बोलायचा. "दोन हजार रुपये प्राप्त झाले!" हे थेट पारावर ऐकू जायचं. कडूबाई घरी पोचेपर्यंत दारात सप्त्याचे वर्गणीवाले आणि धाकटा मुलगा कल्याण उभे असायचे.

"समद्यांनी ऐकलेलं असतंय गं," कडूबाई फोनवर म्हणाली. "न्हाई कसं म्हनू?"

"आत्याबाई, सोमवारी संस्कृतीच्या नर्सिंगची फी हाय. तीन हजार."

नवरा आसाराम म्हणाला, "टोळीच्या मुकादमाजवळ देऊ. तो गावी चाललाय."

"आन त्यानं आपन आगाऊ घेतलेल्या उचलीत वळते केले म्हंजी? उसाचे हिरवे वाढे चाऱ्याला मी विकले. पैसा माझ्या पोरीलाच पोचंल!"

तिने कानिफनाथला फोन लावला. "भावजी, डबा जरा बंद ठिवा की."

"न्हाई जमायचं, वहिनी. डबा बंद केला की लोक नुसता मोबाईल दाखवून साखर नेत्यात. धंदा हाय माझा."

"बरं. बोलू द्या मंग त्याला."

रविवारी सकाळी दहा वाजता नऊ मोबाईल पायरीवर जमले आणि एकेक रुपया कानिफनाथच्या खात्यात जाऊ लागला. ज्याचा रुपया जाईल, त्याच्या हातावर लंकाबाई तिथंच रुपया ठेवत होती.

"एक रुपया प्राप्त झाला!" डबा म्हणाला. मग पुन्हा. मग पुन्हा.

बाराव्या रुपयाला पार हसला. विसाव्याला वर्गणीवाल्यांनी पावतीपुस्तक मिटलं. तिसाव्याला कानिफनाथचा फोन आला.

"वहिनी, काय लावलंय हे? गिऱ्हाईक खिदळायलंय!"

"धंदा हाय ना तुमचा? घ्या की!"

पारावर कल्याण म्हणाला, "फॅक्टरी बुडाली का काय? वहिनी रुपया-रुपया धाडायली!"

"तरी तू तिचे उसने नेलेले पाचशे दाबून बसलास व्हय रं?" शेजारचा म्हातारा रंगनाथ म्हणाला. अख्खा पार कल्याणकडे बघू लागला.

पन्नासाव्या रुपयाला कानिफनाथने डबा बंद करून गुळाच्या ढेपेमागे कोंबला. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या संस्कृतीने बटणाचा मोबाईल कानाला लावला.

"आई, निजला गं."

लंकाबाईने तीन हजार पाठवले. गावात कुठंही काही ऐकू आलं नाही. कानिफनाथने मुकाट्याने रोख मोजून दिली, वरचे पन्नास रुपयेही.

दुपारी कडूबाईच्या दारात एकच माणूस आला. मान खाली घालून कल्याणने पाचशेची नोट पुढे केली. "वहिनीला सांग, दिले म्हनून."

संध्याकाळी कडूबाईने पदरातले पैसे दोनदा मोजले. तीन हजार पाचशे पन्नास.