तळवडेकरकाकांची सरळ न होणारी रेघ

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळवडेकरकाकांची बेल वाजवली, तर "ये, बस" ऐकू येत नाही. "शर्ट काढ" ऐकू येतं. गळतीची तक्रार घेऊन गेलेला सेक्रेटरी छातीवर तीन चकत्यांचे ठसे घेऊन परतला आणि गळतीचं विसरूनच गेला. बायकांकडे मात्र काका फक्त मनगटं मागतात. तेवढी सभ्यता आहे.

काका इस्पितळांतली यंत्रं दुरुस्त करायचे. आता रिटायर झालेत आणि गेली दोन वर्षं घरी कार्डिओग्रामचं यंत्र बनवताहेत. त्यांना एकच हवंय: रेघ कागदाच्या मधोमध यावी, पण हृदयातलं काही पुसलं जाऊ नये. या 'पण'नं माझं डोकं कायमचं गरगरवून टाकलंय.

पहिल्या खेपेला मी पलंगावर आडवा. काकांनी वायरींच्या टोकांच्या धातूच्या चकत्या छातीला लावल्या, बटण दाबलं. रेघ थेट वर गेली, काठाला चिकटली आणि तिथेच बसली.

"काका, वाट लागली! मी गेलो!"

"मेल्या, हलू नको. आहेस तू. ही चकती बोलतेय."

"चकती?"

"धातूला घाम लागला की आपोआप थोडी वीज होते. तिला ऑफसेट म्हणतात. हृदयाच्या विजेच्या शेकडो पट असते. यंत्र सगळंच मोठं करतं, मग हृदयाला जागाच उरत नाही."

"मग चकती काढा ना."

"आणि हृदय कशातून ऐकू, तुझ्या कपाळातून?"

"मग ती वीज वजा करा."

"केली की हृदयाचंही थोडं वजा होतं ना रे!"

मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं. घरी आल्यावर बायकोनं सांगितलं की शर्ट उलटा घातलाय.

गेल्या रविवारी मीच उपकार करायला गेलो. घाटकोपरचा माझा एक मित्र स्पीकर-ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. तो म्हणाला, "एवढंच ना? एक छोटा कपॅसिटर घाल. हळूहळू सरकणारं सगळं अडवतो. रेघ एकदम झकास!" दोन वर्षांचा प्रश्न दहा मिनिटांत सोडवल्याच्या ऐटीत मी तो कपॅसिटर काकांपुढे ठेवला.

काकांनी त्याला हातही लावला नाही.

"हाच घातला होता," ते म्हणाले. "हिच्या वेळी."

काकू दोन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेल्या, एवढंच मला माहीत होतं.

"छातीत जड वाटतंय म्हणाली. मी माझंच पहिलं यंत्र लावलं. रेघ अशी सुरेख आली, काय सांगू तुला! दुखण्याची खूण म्हणजे रेघेतला एक जरासा खचलेला तुकडा असतो रे. कपॅसिटरनं ऑफसेटबरोबर तोही पुसला. मी म्हटलं, गॅस असेल, ओवा खा. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली."

मला स्वतःच्या ऐटीची भयंकर लाज वाटली. कपॅसिटर खिशात टाकत मी भलतंच विचारलं, "त्या दिवशीचा कागद आहे?"

काका उठले. देवघरातून घडी घातलेला कागद घेऊन आले. कुणाला दाखवला नव्हता म्हणाले.

रेघ खरंच सुरेख होती. अगदी मधोमध. खाली कोपऱ्यात काकूंच्या अक्षरात पेनानं लिहिलेलं होतं, "ह्यांनी काढला."