पहलवानाच्या पाठीतलं पाणी

"नोदिरा, काय प्यायलीस तू?"

मावलुदा आपा इतक्या जोरात ओरडल्या, की सूक्ष्मदर्शकाशेजारची चहाची प्याली हिंदकळली. त्यांची मदतनीस नोदिरा किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला तोंड करून, रिकामी नळी हातात धरून उभी होती.

"झमझम, आपा. तुमच्या सासूबाईंनी माझ्यासाठी पाठवलंय ना? लग्न जमू दे म्हटलं आणि प्यायले."

खरं तर घोळ आपांचाच. सासूबाई हज करून नामंगानला परतल्यापासून अंगणात पाहुण्यांची रीघ लागली होती. प्रत्येकाला खजूर आणि तिथल्या पवित्र झमझम विहिरीचं पाणी द्यायचं, पण द्यायचं कशात? आपांनी सरळ इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या झाकणाच्या नळ्यांचं खोकं घरी नेलं. सासूबाई खूश! त्यातलीच एक नळी आज नोदिरासाठी आली आणि आपांनी ती टेबलावरच्या नळ्यांच्या घोडीत उभी केली. थोड्या वेळानं वरच्या वॉर्डातली नर्स धावत आली, शेजारी दुसरी नळी खोचली, "आपा, थेंबन् थेंब जपा हं!" म्हणाली आणि पळाली. आपा तेव्हा फोनवर. पलीकडून इल्यासजान डॉक्टर सांगत होते, "तुरोब पहलवानाचं डोकं फार दुखतंय. मेंदूला सूज आहे का बघायचंय. पाठीतलं पाणी पाठवतोय, लगेच तपासा."

दोन्ही नळ्या एकाच खोक्यातल्या वाटाव्यात अशा. दोन्हींतलं पाणी स्वच्छ. नावाची चिठ्ठी एकीवरही नाही.

"चव कशी होती गं?"

"जराशी खारट. खरं झमझम तसंच असतं म्हणतात."

"अगं बये, पाठीतलं पाणीही खारटच असतं!"

नोदिरानं रिकामी नळी उलटी करून पाहिली. "आपा, म्हणजे मी पहलवान प्यायले?"

"रडू नकोस. उरलेली नळी तपासू. पाठीतल्या पाण्यात थोडी तरी साखर असतेच. निघाली, तर तू सुटलीस."

आपांनी पेशी पाहिल्या. नाहीत. प्रथिनांसाठी आम्लात थेंब टाकला. ढिम्म. साखर? नावालाही नाही. नोदिरानं आपांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती तोंड धरून बेसिनकडे धावली.

आपांना वेगळीच काळजी लागली होती. कुस्त्यांत बक्षिसाचा बोकड जिंकून आणणारा तुरोब पहलवान सुईला असा भितो, की साधं रक्त देतानाही डोळे मिटून मामाचा हात धरतो. त्याला आता पुन्हा पाठ वाकवायला सांगायचं? आणि बोभाटा झाला की नोकरीही गेलीच.

"चल वर. जे व्हायचं ते होऊ दे," त्या म्हणाल्या.

वर डॉक्टर लालबुंद होऊन येरझारा घालत होते.

"डॉक्टर, माफ करा, ते पहलवानाचं पाणी..."

"कसलं पाणी? सुई दिसल्यापासून न्हाणीघरात कडी लावून बसलाय तो! अजून टोचलंच नाही!"

आपांना आनंदानं रडूच फुटलं. नोदिरानं भिंतीला टेकून अल्लाचे आभार मानले. न्हाणीघरासमोर मात्र खुर्ची टाकून, पांढरा रुमाल बांधून, आजाऱ्यांच्या भेटीला आलेल्या सासूबाईच बसल्या होत्या.

"तुरोब, बोकड उचलतोस आणि सुईला भितोस? बाहेर ये, बाळा. मी धरते हात."

नुकत्याच हजहून आलेल्या म्हातारीला नाही कोण म्हणणार? कडी निघाली. पहलवान मान खाली घालून बाहेर आला.

या वेळी नळी आपांनी स्वतः नेली, चिठ्ठी चिकटवून. पेशी, प्रथिनं, साखर, सगळं जिथल्या तिथे. सूज नव्हती. दुखणं कुस्तीत आखडलेल्या मानेचं निघालं. आपांचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच सासूबाई दारात.

"सूनबाई, मघाशी नर्सबरोबर तुझीही वेगळी नळी पाठवली होती. मिळाली ना?"

आपांनी बेसिनच्या भोकाकडे पाहिलं; तपासलेलं पाणी तिथूनच गेलं होतं. "मि... मिळाली, आई."

"वाया नाही ना घालवलंस?"

"छे! थेंबन् थेंब वापरला."

"मग? कसं होतं?"

"पेशी नाहीत, प्रथिनं नाहीत, साखर नाही," आपा एका दमात म्हणाल्या. "इतकं निर्मळ पाणी उभ्या नोकरीत पाहिलं नाही, आई."

नोदिराला ठसका लागला. सासूबाई मात्र खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या.

"हेच कागदावर लिहून दे आणि वर शिक्का मार. ती शेजारीण गल्लीभर सांगत सुटलीय, मी त्यात नळाचं मिसळते म्हणून!"