तक्ता सातमधील रिकामा चौकोन

१९६३ सालच्या मार्च महिन्यात कुवेतमधल्या एका सरकारी कचेरीच्या तिसऱ्या खोलीत पुढील वस्तू होत्या : टेबले चार, खुर्च्या पाच, छताचे पंखे दोन (पैकी फिरणारा एक), लोखंडी कपाट एक, कपाटात फायली तीनशे बारा, फायलींवर वाळू सहाशे चाळीस ग्रॅम, आणि नूरुद्दीन हमदुले, बी.एस्सी., संख्याशास्त्र, एक. वाळू त्याने समोरच्या किराणावाल्याच्या तराजूत तोलून आणली होती. अंदाजाने बोलायची त्याला सवय नव्हती.

ही कचेरी मित्रराष्ट्रांची माहितीपुस्तिका तयार करत होती. तिच्यातला तक्ता क्रमांक सात नूरुद्दीनकडे होता. तक्त्यात रकाने तीन : देशाचे नाव, लोकसंख्या, राज्यकारभाराचा प्रकार. सगळे देश भरून झाले होते. राहिला होता उत्तर आफ्रिकेतला एक नुकता स्वतंत्र झालेला देश. फाइल गोपनीय असल्यामुळे त्याचे नाव इथे देता येत नाही. ते पुस्तिकेत छापलेले आहे.

नूरुद्दीनची नोकरी हंगामी होती आणि हंगामी माणसाला बायको आणता येत नव्हती. सुगरा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात होती. मुलगी कुबरा दोन वर्षांची झाली होती. बापाने तिला पाहिले तेव्हा ती चाळीस दिवसांची होती. मेअखेर कोकणातल्या बोटी बंद होतात, त्याआधी सुगराला मुंबई गाठायला हवी होती, आणि मुंबईहून कुवेतची आगबोट. त्यासाठी लागणारे परवानगीचे पत्र टाइप होऊन मुदीरसाहेबांच्या, म्हणजे संचालकांच्या, टेबलावर पडले होते.

“उस्ताद नूरुद्दीन,” मुदीरसाहेब म्हणाले होते, “ज्या दिवशी तक्ता सात पूर्ण, त्या दिवशी तुम्ही कायम. त्याच दिवशी या पत्राचा निर्णय.”

नूरुद्दीनने चार पुस्तके मिळवली. त्यांत त्या देशाच्या लोकसंख्येचे आकडे चार होते आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आकड्यात सतरा लाख माणसांचा फरक होता.

“सरासरी काढा,” मुदीरसाहेब म्हणाले.

“साहेब, चार चुकांची सरासरी काढली तर पाचवी चूक मिळते.”

“मग त्या देशाच्या सरकारला विचारा.”

विचारायचे कोणाला, हा प्रश्न होता. एका पुस्तकात तिथे राजा होता, दुसऱ्यात अध्यक्ष होता, तिसऱ्यात अजून परकी रेसिडेंट, म्हणजे जुन्या मालकांचा कारभारी, होता आणि चौथ्यात ते पान फाडलेले होते. शेवटी पाकिटावर ‘जे कोणी असतील त्यांस’ असे लिहून पत्र रवाना झाले. एकोणिसाव्या दिवशी तीन शिक्क्यांचे उत्तर आले :

“आपल्या पत्राचा आदर राखून कळविण्यात येते की, राज्यकारभाराचा प्रकार जनता मतदानाने ठरवील. मतदारयादी शिरगणतीनंतर तयार होईल. शिरगणतीचा अधिकार केवळ सरकारला आहे. सरकारचा प्रकार ठरताच सरकार शिरगणती हाती घेईल. दरम्यान आमच्या लोकसंख्येचा आकडा आपणांस कोठून मिळाल्यास त्याची एक प्रत आम्हांसही पाठवावी.”

नूरुद्दीनने ते हारूनचाचाला वाचून दाखवले. हारूनचाचा कचेरीत चहा करत. गाव दापोलीकडचे, शिडाच्या गलबतातून आलेला माणूस, कुवेतमध्ये तीस वर्षे झालेली.

“म्हंजे मानसं मोजली नाय म्हनून सरकार नाय, आनि सरकार नाय म्हनून मानसं मोजत नाय,” चाचा म्हणाले. “मग हे तीन शिक्के कुनी मारले?”

“ते पत्रात दिलेलं नाही.”

“तू बी.एस्सी. हाईस. तुला बायको आनायची हाय. लिव काय तरी.”

“काहीतरी कसं लिहू, चाचा?”

“सगले लिवतात तसं.”

मुदीरसाहेबांनी मात्र शास्त्रीय मार्ग काढला. त्या देशाचे नागरिक कुवेतमध्ये असतीलच. नमुना म्हणून त्यांना विचारावे आणि त्यावरून देश काढावा. परदेशी लोकांच्या सरकारी नोंदवहीत असे नागरिक तीन सापडले. तिघेही शुवैख भागातल्या एकाच गॅरेजमध्ये कामाला होते. नूरुद्दीन वही घेऊन निघाला, दुभाषी म्हणून हारूनचाचा.

पहिला नागरिक, यूसुफ, ट्रकखाली होता. त्याचे पाय बाहेर होते. नूरुद्दीनने पायांना सलाम केला.

“घरात माणसं किती?”

“अकरा,” ट्रकखालून आवाज आला.

“तुम्हाला धरून?”

“धरून.”

“पण तुम्ही तर इथे आहात.”

यूसुफ बाहेर आला. हातातला पाना पुसत त्याने या शिकलेल्या माणसाकडे जरा काळजीने पाहिले. “मी इथे काम करतो,” तो म्हणाला. “राहतो घरी.”

“घरी गेलात कधी?”

“सहा वर्षं झाली.”

नूरुद्दीनची पेन्सिल थांबली. हारूनचाचा हसले. “काय चुकलं त्याचं? तुज्या सुगराला कुनी इचारलं, घरात किती मानसं, तर काय सांगेल ती?”

“पाच.”

“कोन कोन?”

“अब्बा, अम्मा, मी, सुगरा आणि कुबरा.”

“अब्बा कुठं हायत?”

“जहाजावर.”

“आनि तू?”

खाडीकाठी अशीच मोजणी होते हे नूरुद्दीनला ठाऊक होते. मुंबईला, आफ्रिकेला, बोटीवर गेलेला माणूस घरात पहिला मोजतात. त्याच्या नावाने भाताचे मापही पडते. बी.एस्सी.ला हे शिकवलेले नव्हते, पण दोन देशांतल्या लोकांनी एकमेकांना न विचारता तीच रीत पाळावी याला त्याच्या शास्त्रात किंमत होती. त्याने तिथेच, मडगार्डवर वही ठेवून, नियम लिहिला : ‘मनुष्य जेथे आढळतो तेथे नव्हे, तर जेथे त्याची वाट पाहिली जाते तेथे मोजावा.’

पुढचे काम सोपे होते. घरामागे माणसे अकरा, यूसुफच्या गावात घरे दोनशे बारा, तालुक्यात गावे अठ्ठेचाळीस, देशात तालुके इतके. संध्याकाळपर्यंत आकडा एककापर्यंत अचूक निघाला. राज्यकारभाराच्या रकान्यासाठी तिघांचे मत घेतले. यूसुफ राजाच्या बाजूने होता. दुसरा लोकराज्याच्या बाजूने होता आणि यूसुफशी चार महिने बोलत नव्हता. तिसऱ्याने आधी पगार वेळेवर व्हावा असे सुचवले. नूरुद्दीनने रकान्यात लिहिले : ‘तिन्ही प्रकारचा’.

मुदीरसाहेब नियमावर फार खूश झाले.

“पण साहेब,” नूरुद्दीन म्हणाला, “एका तक्त्यात दोन नियम चालणार नाहीत. हाच नियम सगळ्या देशांना लावायला हवा.”

हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आपणहून सुचले.

नियम सगळ्या देशांना लावला गेला. तक्त्याला कचेरीतल्या माणसांचे परिशिष्ट होते, त्यालाही लावला. जहरा गावाहून रोज बसने येणाऱ्या टायपिस्टचे घर केरळात, म्हणून तक्त्यात तो केरळात गेला. हिशेबनीस कराचीत गेला. हारूनचाचा दापोलीला गेले. मुदीरसाहेब स्वतः दुसऱ्या अरब देशातून आलेले होते; तेही तिकडे गेले. कचेरीत हजर माणसे शून्य भरली, आणि दुपारी टायपिस्टने त्या शून्याच्या पाच प्रती काढल्या. हारूनचाचांनी सगळ्यांना चहा दिला.

एप्रिलच्या अकरा तारखेला तक्ता सात पूर्ण झाला. नूरुद्दीन कायम झाला. स्वच्छ सदरा घालून तो पत्रासाठी मुदीरसाहेबांसमोर उभा राहिला.

त्यांनी पत्र वाचले, मग तक्ता उघडला. “उस्ताद, तक्ता सातप्रमाणे तुम्ही कुठे असता?”

“रत्नागिरी जिल्ह्यात, साहेब.”

“आणि पत्नी?”

“तिथेच.”

“एकाच घरात?”

“एकाच.”

“मग पतीकडे येण्याची परवानगी तिला कशाला हवी? ती येणार कुठून कुठे?” त्यांचा आवाज मऊ होता. त्यांची स्वतःची बायकोही चार वर्षे त्यांच्या देशातच होती.

“साहेब, नियम मागे घेतला तर?”

“तर उत्तर आफ्रिकेचा चौकोन रिकामा होईल. तक्ता अपूर्ण राहील. तुम्ही हंगामी व्हाल. हंगामी माणसाला बायको आणता येत नाही.”

नूरुद्दीनने ही साखळी मनात दोनदा तपासली. तिच्यात कुठे चूक नव्हती. मग त्याला एक गोष्ट आठवली. “पण तक्त्याप्रमाणे आपणही इथे नाही, साहेब. नकारावर सही कशी करणार?”

“मंजुरीला अधिकारी हजर लागतो,” मुदीरसाहेब सही करत म्हणाले. “नकाराला लागत नाही.”

बाहेर हारूनचाचांनी त्याच्यापुढे चहा ठेवला. “गॅरेजमदी माज्या तोंडाला कुलूप घालायचं होतंस,” ते म्हणाले.

मेअखेर कोकणातल्या बोटी बंद झाल्या. जूनमध्ये पुस्तिका निघाली. मुखपृष्ठ हिरवे, पाने चौसष्ट, प्रती दोन हजार. त्या मंत्रालयांत, वकिलातींत, वाचनालयांत आणि शाळांत वाटल्या गेल्या. शेवटच्या पानावर वाचकांना विनंती होती की, मजकुरात चूक आढळल्यास सहा महिन्यांच्या आत कळवावे. संकलक म्हणून नूरुद्दीनचे नाव छापले होते, म्हणून त्याने एक प्रत घरी पाठवली.

सहा महिन्यांत कचेरीकडे पत्र एकच आले. ते सुगराने सांगितले होते आणि गावच्या मास्तरांनी लिहिले होते :

“सलाम. पुस्तक पोचले. मास्तरांनी तक्ता सात वाचून त्याचा नियम समजावून सांगितला. त्याप्रमाणे तुम्ही घरात आहात. मी पडवीपासून विहिरीपर्यंत बघून आले. कुबराही माझ्याबरोबर फिरली. तुम्ही नाही. तरी छापताना चूक झाली असावी, ती दुरुस्त करावी.”

पत्राला आवक क्रमांक पडला. सहा महिन्यांची मुदत संपल्यावर अहवाल नूरुद्दीननेच लिहिला. वाटलेल्या प्रती : दोन हजार. चूक कळविणारे वाचक : एक. मजकूर बरोबर मानणारे वाचक : शेकडा ९९.९५.